बंदीच्या काळात इंजिन कसं झोपवायचं?



मागच्या आठवड्यात आपल्या एका तरुण सभासदाने मला व्हिडिओ पाठवला. कुठल्या तरी थंड मुलखात एक माणूस शिडाच्या बोटीच्या डिझेल इंजिनात गुलाबी पाणी ओततोय. खाली विचारलं होतं, "काका, बंदीत आपणही हे घालायचं का?"

तिकडे थंडीत पाणी गोठतं. गोठलं की फुगतं आणि ब्लॉक फोडतं. त्यासाठी ते गुलाबी औषध. आपल्या सुरतेत ब्लॉक गोठणार नाही, तेव्हा ते राहू द्या. आपल्याकडे इंजिन खातं ते खारं पाणी आणि पावसाळी दमट हवा. पश्चिम किनाऱ्याची बंदी १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवसांची. आपल्या गुजरातेत ती अलीकडे १५ ऑगस्टपर्यंत लांबते. म्हणजे अडीच महिने इंजिन उभं. चालतं इंजिन बिघडत नाही एवढं हे उभं इंजिन बिघडतं.

आता काम. बोट वर ओढायच्या आधी, शेवटच्या फेरीनंतर लगेच करायचं. ज्यांच्या इंजिनात समुद्राचं पाणी फिरतं त्यांनी समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद करून पंपाचा पाइप गोड्या पाण्याच्या पिंपात सोडावा आणि इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालवावं. पिंप रिकामं होऊ देऊ नका, वरून पाणी चालू ठेवा. मग बंद करून ब्लॉकच्या खालचा ड्रेन कॉक उघडा. पाणी आलं नाही म्हणजे ब्लॉक रिकामा आहे असं समजू नका. बहुतेक वेळा मिठाचा खडा अडकलेला असतो. तार घालून मोकळा करा. पंपातला रबरी इंपेलर काढून घरी ठेवा. दाबून राहिला की पाती वाकडीच राहतात. कीलखालच्या पाइपात पाणी थंड होतं अशा इंजिनवाल्यांनी कूलंट जुना असेल तर बदलावा, बाकी त्यांना हा त्रास नाही.

ऑइल. इथे आपले लोक पैसे वाचवतात आणि फसतात. "ऑगस्टमध्ये नवीन टाकू, आत्ता कशाला?" पण जुन्या ऑइलमध्ये डिझेलच्या गंधकाचं आम्ल तयार झालेलं असतं, ते अडीच महिने बेअरिंग चाटत बसतं. इंजिन गरम असताना जुनं ऑइल काढा, फिल्टर बदला, नवीन भरा आणि पाच मिनिटं चालवा (पिंपाचं पाणी चालू ठेवूनच), म्हणजे ते सगळीकडे पोचेल. इंपेलर त्यानंतर काढा.

डिझेल टाकी गळ्यापर्यंत भरलेली ठेवा. अर्धी असली की आतल्या दमट हवेचं पाणी होऊन तळाशी बसतं आणि तेच पुढे पंपात, नोझलमध्ये जातं. चोरीची भीती असेल तर पूर्ण रिकामी करून तळ पुसा, पण मग सुरू करताना लाइनमधली हवा काढावी लागेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हवेचं तोंड आणि सायलेन्सरचं तोंड, दोन्ही बंद करा. लाकडी बूच, वर प्लास्टिक, वर दोरी. काही वर्षांपूर्वी आमच्याच घरच्या बोटीवर सायलेन्सर उघडा राहिला होता. ताडपत्रीने बोट शाकारली होती, पण पाइप बाहेर आलेला. पाऊस त्यातून उघड्या व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये गेला. मोसमाच्या पहिल्या दिवशी नारळ फोडून सेल्फ मारला आणि धाडकन आवाज. पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकला. बाकीचे पापलेट विकत होते, आम्ही तीन आठवडे मिस्त्रीच्या दारात. म्हणून बूच लावलं की स्टेअरिंगला लाल फडकं बांधा, म्हणजे काढायचं लक्षात राहील.

आठवड्यातून एकदा फ्लायव्हील हाताने अर्धा फेरा फिरवा. "रविवारी पाच मिनिटं चालू करून येतो" ही सवय सोडा. तेवढ्यात इंजिन गरम होत नाही, आत उलट ओल जमते. आणि किनाऱ्यावर पाण्याविना पंप जळतो तो वेगळाच. बॅटरी काढून घरी न्या, महिन्याने एकदा चार्ज करा.

तापीच्या काठाला, खाडीत बोटी ठेवणाऱ्यांनी २००६ चा ऑगस्ट आठवावा. उकाईतून पाणी सुटलं की नदी आपल्याला विचारत नाही. बोट उंचावर घ्या. तरीही इंजिन पाण्याखाली गेलंच तर सेल्फ मुळीच मारू नका. नोझल काढा, हाताने फिरवून सिलिंडरमधलं पाणी बाहेर काढा, ऑइल काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा आणि मिस्त्रीला त्याच दिवशी बोलवा. दुसऱ्या दिवसापासून गंज धरतो.

मोसम सुरू करताना आधी बूच काढा, इंपेलर बसवा, ऑइलची काडी बघा. ऑइल दुधासारखं दिसलं तर पाणी शिरलंय, थांबा. ठीक असेल तर हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. अडलं नाही, तर मगच सेल्फ.

पिंप आणि लांब पाइप संस्थेच्या गोदामात आहे. मे महिन्याच्या शेवटी गर्दी होते, म्हणून आदल्या दिवशी मला सांगून ठेवा.

– सचिव