केदारनाथसाठी कोणतं हेलिकॉप्टर बरं?

प्रश्न : येत्या मे महिन्यात आईला केदारनाथला न्यायचं ठरवलं आहे. तिचे गुडघे दुखतात, चढण जमणार नाही, म्हणून हेलिकॉप्टरचा विचार आहे. पण अपघातांच्या बातम्यांनी धास्तावलो आहे. तिथे बेल 407 आणि एअरबसचं एच 125 अशी हेलिकॉप्टरं उडतात असं समजलं. यातलं जास्त सुरक्षित कोणतं? आणि एकाच इंजिनाचं हेलिकॉप्टर डोंगरात वापरावंच का?
— एक वाचक, कराड

उत्तर : इंजिनाचा प्रश्न आधी घेऊ, कारण ही भीती बहुतेकांना असते. इंजिन बंद पडलं म्हणजे हेलिकॉप्टर दगडासारखं कोसळतं, हा समज चुकीचा आहे. पायलटने लगेच पात्यांचा कोन कमी केला, की खाली येताना खालून लागणाऱ्या हवेने पाती वाऱ्यावरच्या भिंगरीसारखी फिरत राहतात आणि त्या फिरत्या पात्यांच्या जोरावर जमिनीजवळ वेग मोडून उतरता येतं. याला ऑटोरोटेशन म्हणतात. प्रत्येक पायलटला ते शिकावं लागतं. त्यासाठी हाताशी पुरेशी उंची किंवा पुरेसा वेग हवा आणि खाली उतरण्याजोगी जागा हवी. अरुंद दरीत ही जागाच मिळणं कठीण, म्हणून तुमची शंका निराधार नाही.

पण दोन इंजिनं असती तर मोठे अपघात टळले असते का? 8 डिसेंबर 2021 रोजी कुन्नूरजवळ जनरल बिपिन रावत यांच्यासह 14 जणांचा बळी घेणाऱ्या अपघातातलं एमआय-17 व्ही5 दोन इंजिनांचं होतं. बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट 26 जानेवारी 2020 रोजी कॅलिफोर्नियात ज्यात गेला, ते सिकोर्स्की एस-76 बीसुद्धा दोन इंजिनांचंच. 2 ऑक्टोबर 2024 रोजी धुक्याच्या सकाळी पुण्यात बावधनला कोसळलेलं ऑगस्टाही दोन इंजिनांचं. कुन्नूरच्या चौकशीत यांत्रिक बिघाड नव्हता असंच निष्पन्न झालं. खोऱ्यात हवामान अचानक बदललं, हेलिकॉप्टर ढगात शिरलं आणि पायलटचं दिशाभान हरपलं.

या दिशाभ्रमाबद्दल थोडं विस्ताराने लिहितो, कारण डोंगरातलं खरं संकट तेच आहे. आपला तोल कानातल्या द्रवाच्या हालचालीवर आणि डोळ्यांवर ठरतो. भोवती पांढरं धुकं पसरलं की डोळ्यांचा आधार जातो. मग संथ वळण घेणारं यंत्र सरळ चाललंय असं वाटतं, वेग वाढला की नाक वर उचललं गेल्यासारखं वाटतं, आणि पायलटचा हात त्या खोट्या जाणिवेप्रमाणे चालतो. कोबी ब्रायंटचा पायलट नियंत्रकाला सांगत होता, की आपण 4,000 फुटांकडे चढतो आहोत. त्या वेळी हेलिकॉप्टर डावीकडे वळत डोंगराकडे खाली येत होतं. ते हेलिकॉप्टर उपकरणांवर उडू शकणारं होतं आणि पायलटकडे तसं उडवण्याची पात्रताही होती. सेवा देणाऱ्या कंपनीला मात्र फक्त डोळ्यांना दिसेल तेव्हाच उडण्याची परवानगी होती. म्हणजे ढग दिसताच मागे फिरणं किंवा मिळेल त्या मोकळ्या जागी उतरणं एवढंच अपेक्षित होतं.

आता बेल 407 की एच 125. 18 ऑक्टोबर 2022 रोजी केदारनाथजवळ सात जण गेले, 15 जून 2025 रोजी पुन्हा सात. दोन्ही वेळा बेल 407 होतं. एवढंच वाचलं तर एच 125 निवडावंसं वाटेल. पण 30 एप्रिल 2011 रोजी अरुणाचलचे मुख्यमंत्री दोरजी खांडू तवांगहून निघाले आणि परतले नाहीत. ते एएस 350 बी3 मध्ये होते, म्हणजे आजच्या एच 125 च्याच घराण्यातल्या हेलिकॉप्टरमध्ये. त्याच प्रकारच्या एएस 350 बी3 ने 14 मे 2005 रोजी फ्रेंच वैमानिक दिदिए देलसाल यांच्या हाती थेट एव्हरेस्टच्या शिखरावर उतरण्याचा विक्रम केला होता. ज्या यंत्राला 8,848 मीटरवर उतरता आलं, त्याच प्रकारच्या यंत्रातले प्रवासी त्याहून कितीतरी कमी उंचीवर वाचले नाहीत. केदारनाथच्या या दोन अपघातांच्या वेळीही खोऱ्यात धुकं-ढग होते. म्हणून या दोहोंपैकी अमुक घ्या असं मी सांगणार नाही. दोन्ही या कामासाठी योग्य आहेत.

याचा अर्थ मॉडेलने काहीच फरक पडत नाही असाही नाही. रॉबिन्सन आर22 आणि आर44 ही लहान हेलिकॉप्टरं स्वस्त, म्हणून जगभर खपलेली. दोन पात्यांची त्यांची रचना एका बाबतीत नाजूक आहे. पायलटने नाक झटक्यात खाली ढकलून यंत्र क्षणभर जवळपास वजनरहित केलं आणि नंतर चुकीची हालचाल केली, तर पात्यांचा मधला भाग मुख्य दांड्यावर आपटून दांडाच तुटू शकतो. आर22 ची पाती हलकी असल्याने इंजिन गेल्यावर सावरायला जेमतेम एक-दीड सेकंद मिळतो. अमेरिकेच्या विमान नियामकाने 1995 मध्ये फक्त या दोन मॉडेलांसाठी वेगळं प्रशिक्षण सक्तीचं केलं. बेल 407 ला चार पाती आहेत, एच 125 ला तीन. दांडा तुटण्याचा हा धोका त्यांना तसा नाही.

सुपर प्यूमाची गोष्ट जास्त जिव्हारी लागते. उत्तर समुद्रात तेलविहिरींवरचे कामगार नेणारं हे मोठं, दोन इंजिनांचं, महागडं यंत्र. 1 एप्रिल 2009 रोजी स्कॉटलंडजवळ त्याच्या गिअरबॉक्समधला एक दात्यांचा चक्रभाग तडकला, वरची पाती सुटली आणि 16 जण गेले. सात वर्षांनी, 29 एप्रिल 2016 रोजी, नॉर्वेत नव्या पिढीच्या एच 225 मध्ये त्याच जागचा भाग तडकून 13 जण गेले. इथे पायलटला करण्याजोगं काहीही उरलं नव्हतं. पहिल्या इशाऱ्यानंतर दुसरा अपघात होऊ देणं मला अक्षम्य वाटतं.

वाचकांना एक विनंती. अमुक मॉडेलचे इतके अपघात, अशा याद्या फिरतात. अपघातांचा आकडा उड्डाणाच्या दर लाख तासांमागे मांडलेला नसेल, तर त्याला अर्थ नाही. आणि तास मोजले तरी काम पाहावं लागतं. आर22 वर नवशिके शिकतात, ऑस्ट्रेलियात त्यावरून गुरं हाकतात. त्याची तुलना समुद्रसपाटीवर दोन पायलटांसह उडणाऱ्या हेलिकॉप्टरशी कशी करणार?

केदारनाथ सुमारे 11,700 फुटांवर आहे. तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण तीस टक्के विरळ, त्यामुळे इंजिन आणि पाती दोहोंचीही ताकद घटते. हेलिपॅडवर तुमचं वजन करतील, ते खरं सांगण्याइतकंच सामान कमी नेणं महत्त्वाचं. सकाळची वेळ एरवी चांगली, पण 2025 चा अपघात पहाटेच झाला, तेव्हा घड्याळापेक्षा खोऱ्याकडे बघा. परतीची गाडी किंवा विमान त्याच दिवशीचं काढू नका, दोन दिवस हाताशी ठेवा. उड्डाण रद्द झालं तर रांगेतल्या इतरांसोबत कर्मचाऱ्यांशी हुज्जत घालू नका. घाई करणाऱ्या प्रवाशांचा दबाव शेवटी पायलटपर्यंत पोचतो.

आईच्या डॉक्टरांना एक गोष्ट जरूर विचारा. पायी जाणाऱ्याच्या शरीराला उंचीची थोडी सवय होत जाते. हेलिकॉप्टर मात्र काही मिनिटांत त्या विरळ हवेत नेऊन सोडतं. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल, तर गौरीकुंडहून दंडी किंवा घोड्याने, वाटेत मुक्काम करत वर जाणं आईला जास्त मानवेल का, हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.