पैशाची तेरीज आणि पायथन

पतसंस्थांच्या हिशेबाचे प्रोग्रॅम पायथनमध्ये लिहिताना ठेच लागून जे शिकलो, ते या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी.

१. रक्कम फ्लोटमध्ये ठेवू नका. माझ्या पहिल्याच कामात तेरीज जुळेना. दिवसभर किर्द आणि खतावणी पडताळली, नोंदी सगळ्या बरोबर. चूक माझ्या प्रोग्रॅमात होती. ०.१ एकेक करून दहा वेळा मिळवला की उत्तर १ येत नाही, ०.९९९९९९९९९९९९९९९९ येते. एक तृतीयांश दशांशात लिहायला गेलो तर आपल्याला कुठेतरी थांबावेच लागते; एक दशांशाचे बायनरीत तेच होते. फ्लोट ५३ बिटांवर थांबतो. यात पायथनचा दोष नाही. १९८५ च्या आयईईई ७५४ मानकाचे फ्लोट वापरणाऱ्या प्रत्येक भाषेत हेच घडते. तेव्हापासून मी रक्कम पैशांत, इंटिजर म्हणून ठेवतो. पायथनचा इंटिजर मेमरी पुरेल तितका वाढतो, त्यामुळे आकडा मावेल का ही काळजीही उरत नाही.

२. दोन फ्लोट समान आहेत का, असे विचारू नका. फरक किती ते पाहा.

३. उणे संख्येचा भागाकार आधी कागदावर करा. पैशांचे रुपये करायला मी १०० ने पूर्णांक भागाकार करून बाकी पैसे म्हणून छापत होतो. १५० चे १ रुपया ५० पैसे, ठीक. एका खात्याची शिल्लक उणे १५० पैसे झाली आणि उताऱ्यावर उणे २ रुपये ५० पैसे उमटले! पायथन भागाकार खालच्या पूर्णांकाकडे नेतो : भागाकार उणे २, बाकी अधिक ५०. सी आणि जावा शून्याकडे नेतात, तिथे उणे १ आणि उणे ५० मिळतात. गणिताने दोन्ही बरोबर, पण खातेदाराला यातले काय कळणार? आता मी चिन्ह आधी बाजूला काढतो, मग भागतो.

४. पायथन ३ मध्ये राऊंड २.५ चे २ करतो आणि ३.५ चे ४. नेमका अर्धा आला की सम संख्या, हा त्याचा नियम. शाळेत शिकवतात तो वेगळा. व्याज कसे पूर्णांकात आणायचे ते संस्थेकडून लेखी घ्या आणि डेसिमल वापरून तोच नियम लावा. डेसिमलला आकडा अवतरणचिन्हांत द्या. फ्लोट दिलात तर त्यातली चूकही जशीच्या तशी आत येते.

तुमच्या प्रोग्रॅममध्ये रक्कम अजून फ्लोटमध्ये असेल, तर मार्चअखेरची वाट पाहू नका. या आठवड्यातच बदलून घ्या.