रिपोर्ट नॉर्मल, पण अंगात त्राण नाही

मेंदूतल्या धमनीचा फुगा फुटला, कॉइल घालून तो बंद केला, घरी आले. बोलणं शाबूत, हातपाय शाबूत. ‘वाचली रे बाप्पा’ म्हणून सगळे सुटले. मला मात्र दोन पोळ्या लाटल्या की ओट्याला टेकावं लागे.

१. स्कॅनमध्ये रक्त दिसतं, हार्मोन दिसत नाहीत. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. थायरॉइड, ॲड्रिनल, बीजकोश सगळे तिच्या हुकमाखाली. रक्तस्रावाचा, वाढलेल्या दाबाचा फटका तिला किंवा तिच्या वरच्या हायपोथॅलॅमसला बसू शकतो. सगळ्यांना बसत नाही, काहींचं वर्षभरात आपसूक सुधारतंही. पण तपासल्याशिवाय कळणार कसं?

२. थायरॉइडच्या नुसत्या टीएसएचवर थांबू नका. पिट्युटरीच मंदावली तर टीएसएच बरेचदा नॉर्मलच येतो, फ्री टी-४ मात्र खाली असतो. माझंही तसंच निघालं. सकाळी ८-९ च्या सुमारास कॉर्टिसॉल, शिवाय सोडियम, प्रोलॅक्टिन, एफएसएच हेही तपासून घ्या. पाळी थांबली तेव्हा ‘वयच आहे’ म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. वयानं पाळी जाते तेव्हा एफएसएच वाढतो. माझा तळाला होता! यातलं काहीच कोणी आपणहून सुचवलं नाही. एंडोक्रिनॉलॉजिस्टची चिठ्ठी मी मागून घेतली.

३. कॉर्टिसॉल कमी असेल तर आधी हायड्रोकॉर्टिसोन, मग थायरॉक्सिन. उलटं झालं तर जिवावर बेतू शकतं.

४. हायड्रोकॉर्टिसोन सुरू झालं की ‘अगंबाई, स्टेरॉइड घेतेस?’ हे ऐकायची तयारी ठेवा. शरीर रोज बनवतं तेच बाहेरून घ्यायचं, एवढंच. शेजारणीच्या सल्ल्यानं गोळी बंद करायची नाही. ताप आला तर डॉक्टरांनी आखून दिल्याप्रमाणे डोस वाढवायचा. उलटीत गोळी पडत असेल तर सरळ कॅज्युअल्टी, तिथं इंजेक्शन लागतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. उलट्या, चक्कर दिसली की घरचे ‘ऊन लागलं’ म्हणून पन्हं पुढे करतात. पन्हं प्यावं, पण रिक्षा बोलावून. पर्समध्ये आजाराचं, गोळ्यांचं कार्ड असू द्या.

५. गोळ्यांनी सगळं परत येत नाही. पोळ्या होतात आता. दिवाळीआधीचा बर्डीचा बाजार अजून सोसत नाही. गर्दी, हॉर्न, लाइटिंग, अर्ध्या तासात डोकं भणभणतं. ते हार्मोनचं नाही, मेंदूच्या दुखापतीचं. घरच्यांशी ‘आळस की आजार’ यावर वाद घालण्यापेक्षा त्यांनाच डॉक्टरांसमोर बसवावं.

६. ही ग्रंथी फक्त मेंदूतल्या रक्तस्रावानंच बिघडते असं नाही. घोणस चावून वाचलेल्या शेतकऱ्यांतही हे आढळलंय. बाळंतपणात फार रक्त गेल्यावर होणारा असाच बिघाड शीहान या डॉक्टरांनी १९३७ साली मांडला. आमच्या भांड्यांच्या मावशींना शेवटच्या बाळंतपणानंतर दूध आलं नाही, पाळीही परतली नाही, तेव्हापासून थकवा. त्यांना घेऊन मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत जायचंय, सोमवारी.