उत्तरेचा बर्फ आणि कार्टरेट बेटांवरील अळू



एका ग्लासात पाणी घ्या, त्यात बर्फाचे खडे टाका आणि पाण्याच्या पातळीवर खूण करा. बर्फ वितळला तरी पाणी खुणेवरच राहते, कारण तरंगणाऱ्या बर्फाने आपली जागा आधीच घेतलेली असते. आता तेच खडे ग्लासावर धरलेल्या चहाच्या गाळणीत ठेवा. या वेळी पाणी खुणेच्या वर चढेल.

उत्तर ध्रुवाकडे हे दोन्ही बर्फ आहेत. एक समुद्रावर तरंगणारा, दुसरा ग्रीनलंडच्या जमिनीवर साठलेला. तरंगणारा पांढरा बर्फ सूर्याची उष्णता परत पाठवतो. तो नाहीसा झाला की खालचे काळसर पाणी ती उष्णता शोषून घेते आणि आणखी बर्फ वितळतो. १९७९ पासून हा प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे. ही ऊब ग्रीनलंडलाही लागते. तेथील सगळा बर्फ वितळला, तर समुद्र सुमारे ७ मीटर चढेल. त्याला कित्येक शतके लागतील. पण सुरुवात झालेली आहे. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची पातळी सरासरी २० सें.मी. वाढली. काही वाढ पाणी तापून फुगल्यामुळे झाली, तर काही जमिनीवरचा बर्फ वितळल्यामुळे.

यात एक नवलाची गोष्ट आहे. ग्रीनलंडचा बर्फ इतका अवजड आहे, की तो समुद्राचे पाणी आपल्याकडे ओढून धरतो. बर्फ घटला की ही ओढ सैल होते. मग त्या बर्फामुळे वाढणारे पाणी ग्रीनलंडजवळ नव्हे, तर दूरच्या उष्ण प्रदेशांत सरासरीपेक्षा अधिक चढते.

पापुआ न्यू गिनीची कार्टरेट बेटे अशाच उष्ण प्रदेशात आहेत. ती जेमतेम दीड मीटर उंच आहेत. भरतीचे खारे पाणी शिरून तेथील अळूच्या बागा नासल्या. ह्युएन बेटाचे तर समुद्राने दोन तुकडे केले. जमीन खचण्याचाही यात वाटा असू शकतो. पण चढत्या समुद्राने संकट वाढवले, हे खरे.

२००६ मध्ये तेथील वडीलधाऱ्यांनी ‘तुलेले पेइसा’ ही संस्था उभी केली. ‘आपल्याच बळावर लाटांवरून प्रवास’ असा या नावाचा अर्थ. उर्सुला राकोवा या बेटकन्येने तिची धुरा वाहिली. बोगनविल बेटावरील टिनपुट्झ येथे कॅथलिक चर्चने आपली जमीन त्यांना दिली. २००९ मध्ये काही कुटुंबप्रमुख पुढे गेले, घरे बांधली, बागा लावल्या. मग कुटुंबे आली.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात ध्रुवीय बर्फाचा आणि किनाऱ्यावरील लोकांचा उल्लेख एकत्र केला, तो यासाठीच. ज्यांनी धूर सर्वांत कमी सोडला, त्यांचेच अंगण आधी बुडते.

आपणही उष्ण कटिबंधात, समुद्राकाठी राहतो. या आठवड्यात घरी एवढे बोलू या :

१. आपल्या विहिरीचे पाणी, आपली वाडी वडिलांच्या काळी कशी होती?
२. उद्या कोणी घर गमावून आपल्या दारी आले, तर आपण काय देऊ शकू?