चिंता, उदासीनता आणि साधे विणकाम

दोन सुयांवरचे साधे विणकाम हे चिंताविकार, नैराश्य आणि दीर्घकाळच्या मानसिक आजारांत उपचारांना चांगली जोड ठरू शकते. ते औषधांची किंवा समुपदेशनाची जागा घेत नाही. मन कोणत्या अवस्थेत आहे त्यानुसार वीण निवडली, तर त्याचा उपयोग होतो.

चिंतेत मन पुढच्या अनिष्टाकडे धावते, उदासीनतेत मागच्या चुकांभोवती फिरत राहते. विणताना दोन्ही हात एका लयीत चालतात आणि लक्ष पुन्हा पुन्हा टाक्यावर यावे लागते. त्या लयीला श्वास जोडता येतो : दोन टाके होईपर्यंत श्वास आत, तीन टाके होईपर्यंत बाहेर. एका टाक्याला साधारण दोन सेकंद लागले, तर मिनिटाला सहा श्वास होतात. श्वास बाहेर सोडण्याचा काळ लांबला की हृदयाची गती उतरते आणि धडधड कमी होते. शिवाय काम वाढलेले डोळ्यांना दिसते. दिवसभरात काहीच झाले नाही असे वाटणाऱ्या रुग्णाला चार बोटे विणलेली पट्टी हा हातात धरता येणारा पुरावा असतो.

जिल रायली, बेटसन कॉर्कहिल आणि क्लेअर मॉरिस यांनी २०१३ साली ब्रिटिश जर्नल ऑफ ऑक्युपेशनल थेरपीमध्ये ३,५४५ विणकरांचे सर्वेक्षण प्रसिद्ध केले. वरचेवर विणणाऱ्यांनी मन शांत आणि आनंदी राहत असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले. मात्र उत्तरे देणारे सगळे मुळातच विणकामाची आवड असलेले होते. त्यामुळे यावरून विणकामाने आजार बरा होतो असा निष्कर्ष काढता येत नाही.

साहित्य आणि पहिली तीन कामे

सुरुवातीला फिकट रंगाची, मध्यम जाडीची लोकर घ्यावी. गडद रंगात टाके नीट दिसत नाहीत. सुई ८ नंबरची, म्हणजे ४ मिलिमीटरची असावी. जुन्या क्रमांकांत नंबर वाढला की सुई बारीक होते. चैत्र-वैशाखात घामेजल्या हाताला लोकर चिकटते, तेव्हा सुती दोरा बरा.

मफलर : ३० टाके घालून प्रत्येक सुई (ओळ) सुलट विणत जावी. रुंदी सुमारे १४ सेंटिमीटर भरते. मोजावे लागत नाही, उलट टाका लागत नाही, काम कुठेही थांबवता येते. छातीत धडधडते, झोप झालेली नसते, अशा दिवसांसाठी हीच वीण योग्य.

कोपऱ्यापासूनचा चौकोनी रुमाल : सुती दोऱ्याचे ४ टाके घालावेत. प्रत्येक सुईच्या पहिल्या टाक्यात दोन टाके करून एक टाका वाढवावा. ४० टाके झाले की प्रत्येक सुईच्या सुरुवातीला दोन टाके एकत्र विणावेत आणि शेवटी उरलेले ४ बंद करावेत. निम्म्यानंतर प्रत्येक सुई आधीच्यापेक्षा लहान होते. हाती घेतलेले अर्धवट टाकणाऱ्या उदास रुग्णाला हे मानवते. असे रुमाल जोडून बाळाची दुलई होते.

दोन सुलट, दोन उलट : या विणीची पट्टी शिवून कानटोपी करता येते. येथे चारांचा हिशेब सतत ठेवावा लागतो. त्यामुळे तेच तेच विचार घोळणाऱ्या मनाला त्यांच्यासाठी जागा उरत नाही. चिंता तीव्र असताना मात्र हिशेब चुकतो आणि चिडचिड वाढते. अशा वेळी सुलट पट्टीकडे परतावे.

आजारानुसार काळजी

लिथियम किंवा व्हॅल्प्रोएट घेणाऱ्यांचे हात बारीक थरथरू शकतात. अशांना ५ मिलिमीटरची सुई आणि जाड लोकर सोपी जाते. लिथियम चालू असताना कंप अचानक वाढला, उलट्या-जुलाब झाले किंवा तोल जाऊ लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. स्किझोफ्रेनियावरील काही औषधांनी हात ताठरतात. त्याचीही नोंद डॉक्टरांकडे द्यावी. द्विध्रुवी विकारात रात्र रात्र विणत बसणे आणि लोकरीची भरमसाट खरेदी ही उन्मादाची चाहूल असू शकते. मंत्रचळ असलेला रुग्ण एका चुकीसाठी सगळे उसवत राहतो. त्याच्यासाठी चूक तशीच ठेवून पुढे जाणे हाच उपचारातला सराव असतो, तो उपचारकाच्या सल्ल्याने करावा. स्वतःला इजा करण्याचे विचार असतील तर धातूच्या सुया आणि कात्री रुग्णाजवळ ठेवू नयेत.

पिंपरी, चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांत पाळ्या बदलतात आणि झोप विस्कटते. रात्रपाळीहून आल्यावर मोबाइल पाहण्याऐवजी मंद उजेडात वीस मिनिटे सुलट पट्टी विणता येते. हात सरावला की ती स्पर्शाने जमते. दर अर्ध्या तासाने बोटे व मनगट सैल करावे. मधुमेह किंवा थायरॉइडच्या रुग्णांना बोटांत मुंग्या येऊ लागल्यास विणणे थांबवून तपासणी करावी.

डॉक्टरांकडे केव्हा

दोन आठवडे उदासी किंवा कशातही रस नसणे, वारंवार घबराटीचे झटके, कामावर जाणे अशक्य होणे, भास होणे, यांपैकी काहीही असल्यास मनोविकारतज्ज्ञाला भेटावे. पिंपरीत संत तुकाराम नगरात पिंपरी-चिंचवड महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. टेली-मानस ही २०२२ पासूनची सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत, चोवीस तास आणि मराठीतही मिळते. आत्महत्येचे विचार असतील तर रुग्णाला एकटे सोडू नये आणि त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. विणकामाने बरे वाटू लागले म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नयेत.