विमानाची खिडकी आणि हवेचा दाब

जालना जिल्ह्यातील विमानप्रवाशास बहुधा शेजारच्या चिकलठाणा विमानतळावर जावे लागते. खिडकीशी बसल्यावर तिच्या तळाशी एक बारीक छिद्र दिसते. हवा राखून ठेवणाऱ्या विमानास भोक कशासाठी, अशी शंका येणे स्वाभाविक आहे.

समुद्रसपाटीवर हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो असतो. ३५ हजार फुटांवर तो पाव किलोहूनही कमी होतो. एवढ्या विरळ हवेत मनुष्य थोड्याच वेळात बेशुद्ध होतो. म्हणून विमानात हवा भरून दाब सुमारे ८ हजार फुटांवरील दाबाइतका राखतात. आतबाहेरच्या दाबातील फरक अर्ध्या किलोच्या घरात जातो. खिडकीचे क्षेत्रफळ ७०० चौरस सेंटिमीटर धरल्यास तिच्यावर साडेतीन क्विंटल, म्हणजे मोंढ्यातील पन्नास किलोंची सात पोती, एवढा भार पडतो.

हा भार पेलण्यासाठी ॲक्रिलिकचे दोन मजबूत थर असतात. प्रवाशाच्या हाताला लागतो तो तिसरा थर केवळ संरक्षक होय. छिद्र मधल्या थरास असते. त्यामुळे दोन्ही थरांमधील पोकळीत आतलाच दाब राहतो व सारा भार बाहेरील थर पेलतो. पोकळीतील दमटपणाही निघून जातो व खिडकीवर धुके साचत नाही. बाहेरील थर निकामी झालाच, तर मधला थर भार घेतो. छिद्रातून जाणारी थोडी हवा यंत्रणा सहज भरून काढते.

खिडकीच्या गोल कोपऱ्यांमागेही मोठा धडा आहे. १९५४ साली ब्रिटिश बनावटीची दोन ‘कॉमेट’ जेट विमाने भूमध्य समुद्रावर हवेतच फुटली व ५६ जीव गेले. तपासासाठी एक विमान पाण्याच्या टाकीत ठेवून त्यावर पुनःपुन्हा दाब दिला असता, खिडकीच्या कोपऱ्यापाशी पत्रा फाटला. कोपऱ्यांशी ताण एकवटतो आणि वारंवारच्या दाबाने धातू थकतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

शिक्षकांना हे वर्गात सहज दाखविता येईल. कागदाच्या पट्टीस कडेला बारीक चीर देऊन ती ओढावी. पट्टी त्या चिरेपासूनच फाटेल. पाझर तलावाचा बांध असो वा शाळेचे छत, लहानशा चिरेकडे वेळीच लक्ष देणे आणि एक आधार खचल्यास दुसरा सिद्ध ठेवणे, हीच सुरक्षिततेची खरी रीत होय.