नवीन टँक, स्वच्छ पाणी, तरी मासे का मरतात? अ‍ॅक्वेरियम धंद्याचा पहिला महिना



मागच्या व्हिडिओत आपण अ‍ॅक्वेरियमच्या धंद्याचा खर्च काढला. काच, स्टँड, फिल्टर, लाइट, सगळं धरलं. एक गोष्ट मात्र राहिली होती, ती म्हणजे वेळ. टँक भरल्यापासून त्यात मासे सोडेपर्यंत साधारण ४ ते ६ आठवडे जातात. नवीन माणूस नेमका इथेच घाई करतो.

मी पण केली होती. काउंटरच्या उद्घाटनाच्या आदल्या रात्री टँक भरले आणि सकाळी गोल्डफिश सोडले. पाणी एकदम काचेसारखं! चौथ्या दिवशी मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागले, आणि आठवडा संपेपर्यंत निम्म्याहून जास्त गेले. आजारी माल दिला म्हणून मी होलसेलवाल्याशी फोनवर भांडलो. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. पाण्यात अमोनिया साठला होता, आणि तो डोळ्याला दिसत नाही.

होतं काय, ते बघा. मासे कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतात. उरलेलं खाणं कुजलं की त्यात आणखी भर पडते. जुन्या टँकमध्ये फिल्टरच्या स्पंजवर जिवाणू वसलेले असतात. एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिली दोन्ही विषारी, नायट्रेट त्यामानाने सौम्य, पाणी बदललं की कमी होतं. नवीन टँकमध्ये ही वस्तीच नसते. ती वसवायची म्हणजेच टँक 'सायकल' करायचा.

आता हे मासे न मारता कसं करायचं? २ बाय १ बाय १ फुटाचा टँक धरा, त्यात साधारण ५० लिटर पाणी बसतं. टँक भरा, क्लोरीन काढा, फिल्टर चालू करा आणि जिवाणूंना खायला अमोनिया द्या. त्यासाठी अमोनियम क्लोराइड वापरतात, म्हणजे आपला नवसागरच. पण कल्हईवाल्याकडचा नको, केमिकलच्या दुकानातून शुद्ध प्रतीचा आणा. ५० लिटरला ०.३ ग्रॅम टाकला की अमोनिया सुमारे २ पीपीएम होतो, म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम. जास्त टाकला म्हणून काम लवकर होत नाही.

मग दर दोन दिवसांनी टेस्ट किटने मोजा आणि वहीत लिहा: तारीख, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट. आधी अमोनिया उतरायला लागेल आणि नायट्राइट चढेल. अमोनिया शून्यावर आला की पुन्हा तेवढाच डोस द्या, नाहीतर जिवाणू उपाशी राहतात. बरेच जण इथे फसतात. अमोनिया शून्य दिसला की 'झालं' म्हणून मासे सोडतात, पण नायट्राइट तेव्हा चढलेलं असतं. ते माशाच्या रक्तात शिरलं की रक्त ऑक्सिजन नीट वाहू शकत नाही, कल्ले तपकिरी पडतात. आज टाकलेला २ पीपीएमचा डोस उद्या याच वेळेपर्यंत संपला आणि नायट्राइटही शून्य दिसलं, तरच टँक तयार समजा. मग निम्मं पाणी बदला, म्हणजे साठलेलं नायट्रेट कमी होईल.

पाण्याचं बघताना आधी ते कुठून येतं हे विचारा. नळाच्या पाण्यातला क्लोरीन जिवाणूंना मारतो, त्यामुळे स्पंज नळाखाली कधीच धुवायचा नाही. टँकमधून काढलेल्या पाण्यात हलकेच पिळायचा. बोअरचं पाणी बऱ्याचदा जड असतं, पीएच ८ च्या आसपास. जिवाणूंना ते चालतं, पण तेवढाच अमोनिया पीएच ७ पेक्षा ८ ला जवळपास दहापट घातक ठरतो. आणि ग्राहक आरओचं पाणी 'शुद्ध' म्हणून भरतोच! नुसत्या आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, पीएच एकदम घसरतो आणि जिवाणूंचं काम मंदावतं. त्यात थोडं साधं पाणी मिसळायला सांगा.

बाटलीतल्या जिवाणूंबद्दल सगळे विचारतात. काहींचा उपयोग होतो, पण एक्सपायरी बघा आणि बाटली वापरली तरी टेस्ट सोडू नका. माझा भरवसा जुन्या स्पंजवर. दुकानात निरोगी माशांचा एक टँक कायम चालू ठेवा आणि त्यात चार-पाच जादा स्पंज फिल्टर लावून ठेवा. ग्राहकाचा टँक बसवताना त्यातला एक ओलाच न्यायचा. महिन्याचं काम बऱ्याचदा आठवड्या-दोन आठवड्यांत होतं. तुमच्या दुकानातला हा खरा स्टॉक आहे, आणि त्याचे वेगळे पैसे घ्यायला लाजू नका.

ग्राहकाशी व्यवहार दोन खेपांचा ठरवा. पहिल्या खेपेला टँक, फिल्टर, पाणी, आणि त्याचे पूर्ण पैसे. दुसऱ्या खेपेला मासे, तेही टेस्टचा आकडा ग्राहकासमोर काढून दाखवल्यावर. मधल्या काळात फोन येणारच, "दादा, पोरं रोज विचारतात, मासे कधी?" तेव्हा वहीतला कालचा आकडा सांगा, "काका, नायट्राइट अजून २ आहे, शून्य झालं की येतो." एखादा दुसऱ्या दुकानातून मासे आणून सोडेल. तसं झालं तर रोज थोडं पाणी बदलायला आणि खाणं अगदी कमी द्यायला सांगा. तुमचा टँक तयार झाला तरी पहिल्या दिवशी तीन-चार छोटेच मासे सोडा, तिसऱ्या दिवशी पुन्हा मोजा, मग पुढचे.